सेंद्रिय शिक्का आणि मिठाची वाटी: नागपुरातील एका लघुउद्योगाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातील एका लहान खाद्यपदार्थ उद्योगाचे आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांचे, जागेचे आणि उलाढालीचे तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. हिंगण्याच्या बाजूला एका भाड्याच्या शेडमध्ये हा उद्योग चालतो. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतील प्रमाणित सेंद्रिय शेतकऱ्यांकडून ज्वारी, मूग, उडीद, तूर, हळद आणि मिरची घ्यायची आणि त्यातून पापड, चिवडा, उपम्याचे तयार पीठ, कैरीचे लोणचे व सावजी पद्धतीचा मसाला तयार करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. उद्योग सुरू करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात, तर पापडांचे काम पाहणाऱ्या ज्येष्ठ कामगार बाई सगळ्यांच्या मावशी आहेत. माल प्रामुख्याने धरमपेठ, प्रतापनगर, रामदासपेठ या भागांतील घरांत जातो, थोडा इतवारीतील एका ठोक व्यापाऱ्यामार्फत बाहेर जातो आणि काही खानावळीही तो घेतात.

या उद्योगाचा ग्राहक कोण आहे, हे पुढच्या सगळ्या गोष्टींच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सेंद्रिय पदार्थांसाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी रक्तदाब किंवा मधुमेहाचे निदान झाल्यानंतरच ‘आता बाहेरचे काही नको, सेंद्रियच आणायचे’ असे ठरवलेले असते. म्हणजे मिठाचा ज्यांना सर्वांत जास्त त्रास, तेच या मालाचे सर्वांत निष्ठावान ग्राहक होते.

मी या प्रकरणात अन्नतंत्रज्ञानाचा सल्लागार म्हणून सहभागी होतो. मला बोलावले होते ते लेबलांची मांडणी तपासायला. मिठाचा विषय तेव्हा कोणाच्याच मनात नव्हता.

अडचण कशी समोर आली

उद्योगाच्या एका जुन्या ग्राहक, प्रतापनगर भागातील एक निवृत्त शिक्षिका, यांचा रक्तदाब गोळ्या वाढवूनही आटोक्यात येत नव्हता. डॉक्टरांनी त्यांना काही दिवस खाल्लेले सगळे लिहून ठेवायला सांगितले. बाईंनी शिक्षिकेच्या शिस्तीने ते केले, मिठाच्या रकान्यात ‘बाहेरचे खारट पदार्थ: शून्य’ असे लिहिले, आणि नंतर आहारतज्ज्ञांनी पाकिटे घेऊन यायला सांगितल्यावर पापडाच्या पाकिटावर सोडियमचा आकडाच नाही असे आढळले. त्यांनी ताईंना फोन करून अगदी साधा प्रश्न विचारला, की एका पापडात मीठ किती असते. उत्तर कोणालाच देता आले नाही.

आकडा का नव्हता याचे कारण जुने होते. लेबलांच्या २०११ च्या नियमांत लोणची आणि पापड यांना पोषणमाहिती छापण्यापासून सूट होती, आणि या उद्योगाची पाकिटे त्याच काळातील मांडणीवरून पुढे चालत आली होती. २०२० च्या लेबलिंग नियमांत पोषणतक्त्यामध्ये सोडियमची ओळ आली असून, दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच ५ ग्रॅम मीठ, हे प्रमाण धरून दर वाढणीतील, म्हणजे एका वेळी खायला वाढल्या जाणाऱ्या भागातील, टक्केवारी दाखवायची असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही हीच आहे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांतही तोच ५ ग्रॅमांचा आकडा आहे. भारतीय प्रौढांचे प्रत्यक्ष सेवन राष्ट्रीय पाहणीत दिवसाला सरासरी ८ ग्रॅम आढळले आहे.

पाच पदार्थांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो, त्या हिशेबाने १०० ग्रॅम पापडात सुमारे ६.८ ग्रॅम मीठ निघाले, लोणच्यात १४, मसाल्यात १२, उपम्याच्या पिठात ३.५ आणि चिवड्यात सव्वादोन ग्रॅम. हे आकडे बाजारातील अशाच पदार्थांपेक्षा फार वेगळे होते असे मुळीच नाही. पण शिक्षिकाबाईंची वही घेऊन बसल्यावर चित्र स्पष्ट झाले. सकाळी ६० ग्रॅम पिठाचा उपमा, त्यात २.१ ग्रॅम मीठ. दुपारी एक पापड आणि चमचाभर लोणचे, मिळून तेवढेच. संध्याकाळी वाटीभर चिवड्यातून पाऊण ग्रॅमच्या आसपास. रात्रीच्या भाजीतील मसाल्यातून त्यांच्या वाट्याला आलेले थोडे आणि पुन्हा एक पापड. बेरीज ६ ग्रॅमच्या घरात गेली, आणि यात वरणात, भाजीत, कणकेत घरी घातलेले मीठ धरलेलेच नव्हते. एकाही पदार्थात गैर काही नसताना सगळ्यांची मिळून दिवसाची मर्यादा ओलांडली जात होती.

सेंद्रिय प्रमाणपत्र इथे काय सांगते आणि काय सांगत नाही

ताईंची पहिली प्रतिक्रिया दुखावल्याची होती आणि ती समजण्यासारखी होती. ‘आमचं प्रमाणपत्र आहे, दरवर्षी तपासणी होते, मग हे कसं?’ या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या रचनेत आहे. सेंद्रिय प्रमाणीकरण शेत, निविष्ठा, साठवण आणि प्रक्रिया यांची साखळी तपासते; त्यात पदार्थाच्या पौष्टिकतेची परीक्षा होत नाही. अनेक घटक असलेल्या पदार्थाला सेंद्रिय म्हणवून घेण्यासाठी ९५ टक्के घटक प्रमाणित सेंद्रिय लागतात, आणि ही टक्केवारी काढताना पाणी आणि मीठ हिशेबात धरतच नाहीत. शेतात न पिकणाऱ्या वस्तूला सेंद्रिय कसे ठरवणार, हा त्यामागचा तर्क योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की कोणी मीठ दुप्पट केले तरी सेंद्रिय घटकांची टक्केवारी तसूभरही हलत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सेंद्रिय पदार्थांत सोडियम बेन्झोएटसारखे नेहमीचे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) वापरता येत नाहीत. मग माल टिकवायचा कशावर? वाळवण, तेल, आंबटपणा आणि मीठ यांवर. आपल्या अन्नकायद्यात मीठ हे स्वतःच पहिल्या वर्गातील परिरक्षक म्हणून नोंदलेले आहे. साखर, मसाले, व्हिनेगर, मध आणि खाद्यतेलही त्याच यादीत आहेत. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे ठळक छापलेल्या लोणच्याच्या बाटलीत सर्वांत जास्त काम मीठच करत असते. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही, पण ग्राहक त्या ओळीवरून जो अर्थ काढतो तो चुकतो खरा.

मोजणी: मीठ नेमके कुठून येत होते

पाककृतीच्या वहीत पापडासाठी ‘एक किलो पिठाला एक वाटी मीठ, दीड चमचा खार’ असे लिहिलेले होते. हळद, हिंग, मिरे काट्यावर तोलले जात, कारण ते महाग. मीठ मात्र वाटीने. मावशींनी नेहमीच्या सहजतेने काढून दिलेल्या काही वाट्या काट्यावर ठेवल्या, तेव्हा हलकी वाटी ५८ ग्रॅमची आणि जड वाटी ७४ ग्रॅमची भरली. प्रत्येक घाण्याचा पापड वेगळा असणार, हे तेथेच ठरून गेले.

वाटी जड होण्यामागे आणखी एक कारण सापडले, ते मला या प्रकरणातील सर्वांत उपयोगी निरीक्षण वाटते. मूळ पाककृती खडे मिठाच्या काळातील होती. पुढे बारीक आयोडीनयुक्त मीठ वापरात आले, पण वाटी तीच राहिली. खड्यांमध्ये मोकळी जागा जास्त असते, बारीक मीठ दाबून बसते; त्यामुळे त्याच वाटीत वजनाने अधिक मीठ जाऊ लागले. कोणीही काहीही वाढवले नव्हते आणि तरीही मीठ वाढले होते.

तिसरा स्रोत लपलेला होता. उद्योगातील रसायनशास्त्र शिकलेली मुलगी घरच्या घरी मिठाची तपासणी करीत असे: पापडाचा चुरा पाण्यात ढवळून गाळायचा, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग विटकरी होईपर्यंत सिल्व्हर नायट्रेट सोडायचे. या पद्धतीने तिला १०० ग्रॅमला सुमारे ५.९ ग्रॅम मीठ मिळत होते, तर प्रयोगशाळेच्या सोडियमवरून ६.८ येत होते. प्रयोगशाळेने चूक केली असावी असा तिचा ठाम समज होता. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरोबर होते. सिल्व्हर नायट्रेट क्लोराइड मोजते, म्हणजे फक्त मिठाचा भाग. प्रयोगशाळेने ज्योतीच्या उपकरणावर सगळे सोडियम मोजले होते. मधला फरक पापडखाराचा होता, कारण खार हा सोडियमचाच क्षार असतो. जिभेला खार खारट लागत नाही, पण शरीराच्या हिशेबात तो मोजला जातो. पापडाबाबत फक्त मिठावर लक्ष ठेवले असते तर हा भाग कायमचा नजरेआड राहिला असता.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय होता तो म्हणजे पाककृतींना हात न लावता खरे आकडे छापायचे आणि निर्णय ग्राहकावर सोडायचा. कायद्याने तेवढे पुरेसे झाले असते. पण पाकिटाच्या मागील बाजूचा तक्ता किती जण वाचतात, आणि मिलिग्रॅममधील सोडियम वाचून किती जणांना मिठाचा अंदाज येतो, हा प्रश्न उरत होता.

ताईंचा स्वतःचा कल सैंधव मिठाकडे होता. ग्राहकांना ते आवडते, पाकिटावर चांगले दिसते, उपवासालाही चालते. मात्र सैंधव हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. त्याच्या गुलाबी रंगामागील खनिजांचे प्रमाण इतके अल्प असते की सोडियमच्या आकड्यात सांगण्यासारखा फरक पडत नाही. शिवाय आयोडीनचा फायदा हातचा जातो. सैंधव वापरून तेच ६.८ ग्रॅम कायम राहिले असते आणि ग्राहक मात्र निर्धास्त होऊन दोन पापड जास्त खाल्ला असता. हा पर्याय मी स्पष्टपणे नाकारावा असे सुचवले, आणि त्यावर ताईंशी बरीच चर्चा झाली. अखेर शिक्षिकाबाईंची वही समोर असल्यामुळेच त्या तयार झाल्या असाव्यात.

तिसरा पर्याय कमी सोडियमच्या मिठाचा होता, ज्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. यामागे भक्कम पुरावा आहे. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाच्या बाजूने सूचना दिली. परंतु ती घरी वरून घातल्या जाणाऱ्या मिठापुरती आहे, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर स्त्रिया व मुले त्यातून वगळली आहेत. या उद्योगाच्या ग्राहकांत वृद्ध पुष्कळ, त्यांतील काहींचे मूत्रपिंड अशक्त, आणि रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी शरीरातील पोटॅशियम आधीच वाढलेले. पापड कोणाच्या ताटात जाणार हे आपल्याला ठाऊक नसते. स्वयंपाकघरात माणसाने स्वतःच्या डॉक्टरांना विचारून वापरायची वस्तू पाकिटात गुपचूप घालणे योग्य नव्हे, या मुद्द्यावर कोणाचा मतभेद झाला नाही.

उरला चौथा मार्ग: प्रत्येक पदार्थात मीठ कोणते काम करते ते पाहायचे, आणि जिथे ते केवळ चवीचे काम करते तिथूनच ते कमी करायचे. वेळखाऊ असूनही तोच स्वीकारला.

निर्णय आणि कृती

उपम्याचे पीठ आणि मसाला या दोन्ही पदार्थांत मीठ टिकाऊपणासाठी नव्हतेच. दोन्ही कोरडे, हवाबंद. पिठातील मीठ पूर्ण काढून पाकिटावर ‘चवीपुरते मीठ घालावे’ अशी सूचना छापली. मसाल्याचा प्रश्न मात्र पैशाशी जोडलेला निघाला. मीठ किलोला वीस-पंचवीस रुपयांचे आणि सेंद्रिय मिरची-धणे त्याच्या कितीतरी पट महाग. १२ टक्के मीठ काढले की ती जागा मिरची-धण्यांनी भरावी लागते आणि किंमत वाढते. मसाल्यांच्या मिश्रणात मीठ वजन भरून काढते, ही गोष्ट या व्यवसायात सर्वांना ठाऊक असते आणि फारसे कोणी बोलत नाही. शिवाय घरची बाई भाजीत मसाला घालून पुन्हा वेगळे मीठ घालतेच, त्यामुळे ते दोनदा पडते. ताईंनी मीठ काढले आणि किंमत वाढवली.

चिवड्यात आधी फोडणीत मीठ घालून ते पोह्यांना चोळले जात असे. त्याऐवजी मीठ पिठीसारखे दळून, चिवडा निवत आल्यावर वरून भुरभुरायचे ठरले. बारीक कण जिभेवर लगेच विरघळतात आणि कमी मिठात तेवढीच खारट चव येते. आमचूर किंचित वाढवला. १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम असलेले सोडियम ६०० वर आले. चव पाहण्यासाठी तीन बश्यांची चाचणी घेतली: दोन बश्यांत एकच चिवडा, तिसऱ्यात वेगळा, वेगळी बशी ओळखायची. दुकानात येणाऱ्या बहुतेकांना ती ओळखता आली नाही.

पापडाच्या वेळी हे इतके सहज झाले नाही. त्याच चाचणीत मावशींनी कमी मिठाचा पापड दोन्ही वेळा बिनचूक उचलला आणि म्हणाल्या, ‘मीठ कमी केलं त भाजल्यावर फिक्का लागते जी. अन् खार कमी केला त लाटताना चिरते.’ दुसरा मुद्दा अगदी खरा होता. खारामुळे पीठ मऊ पडते, पातळ लाटता येते आणि भाजल्यावर पापड फुलतो. खार जास्त कमी केला तर लाटणाऱ्या बाईंचा वेग पडतो, आणि त्यांची मजुरी लाटलेल्या किलोवर मिळते. म्हणजे ग्राहकाच्या रक्तदाबाची किंमत मजुरीतून कापली जाण्याचा धोका होता. हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. तो मावशींमुळे आला. शेवटी किलोला मीठ ६५ वरून ५० ग्रॅमवर आणि खार १५ वरून १२ ग्रॅमवर आणायचा, मीठ वाटीने न घेता तोलून घ्यायचे, आणि हा बदल एका झटक्यात न करता दोन टप्प्यांत करायचा असे ठरले. पहिले काही आठवडे वेग कमी झाला तर मजुरी रोजावर देण्याचे ताईंनी मान्य केले.

टप्प्यांमागे ब्रिटनचा अनुभव होता. तिथे पावातील मीठ २००१ ते २०११ या काळात हळूहळू सुमारे २० टक्क्यांनी कमी करण्यात आले आणि खाणाऱ्यांनी तक्रार केली नाही, कारण जीभ थोड्याथोड्या बदलाशी जुळवून घेते. त्याच दशकात लोकांचे सरासरी मीठसेवन ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आले.

कामगार बायकांनी एक वेगळाच आक्षेप घेतला, की नागपूरच्या उन्हाळ्यात घाम इतका जातो की मीठ लागतेच. पंचेचाळीस अंशांत गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बाईच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे आणि त्यांच्यासाठी शेडमध्ये मीठ-लिंबू घातलेले ताक ठेवले जाते. मात्र पापड विकत घेणारा बहुधा कूलरसमोर बसलेला असतो.

लोणच्यावरचा प्रयोग फसला, आणि फसला तेच बरे झाले. मीठ १४ वरून ९ टक्क्यांवर आणून लिंबाचा रस वाढवलेल्या काही बरण्या मेअखेरच्या उकाड्यात शेडमध्येच ठेवल्या. काही दिवसांतच तेलाच्या कडेने पांढरट साय दिसू लागली आणि झाकण उघडताच आंबल्याचा वास आला. मीठ घटले की फोडींतील पाणी जंतूंना मोकळे मिळते. शीतपेटीत ठेवण्याच्या अटीवर कमी मिठाचे लोणचे विकता आले असते, पण नागपूरहून खासगी बसच्या टपावरून जाणाऱ्या खोक्यांना ती अट कोण पाळणार? लोणच्यातील मीठ तसेच ठेवले. बदल केला तो बाटलीवर: १० ग्रॅमच्या एका लहान चमच्यात सुमारे १.४ ग्रॅम मीठ असते, असे तक्त्याबाहेर, साध्या मराठीत छापले.

वेष्टनावरचा वाद

सर्वांत तीव्र मतभेद पाककृतीवर झालेच नाहीत, ते वाढणीच्या आकारावर झाले. छपाईचे काम पाहणाऱ्याने पापडाची वाढणी ५ ग्रॅम धरावी असे सुचवले होते, म्हणजे टक्केवारी निम्मी दिसते. पण या उद्योगाचा एक पापड १० ग्रॅमचा आहे आणि अर्धा पापड वाढण्याची रीत आपल्याकडे कुठल्याही घरात नाही. एक पापड हीच वाढणी धरायची, यावर मी अडून राहिलो.

दुसरा वाद ‘कमी मीठ’ या शब्दांचा होता. दाव्यांच्या २०१८ च्या नियमांनुसार ‘लो सोडियम’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम चालत नाही, आणि ‘आधीपेक्षा कमी’ अशा तुलनेसाठी किमान २५ टक्क्यांचा फरक लागतो. पापडातील सोडियम २७०० वरून साधारण २१५० मिलिग्रॅमवर आले होते, म्हणजे घट २० टक्क्यांच्या आसपास. इतकी मेहनत करूनही पापडावर काही मिरवता येत नव्हते. चिवड्यात घट तिसऱ्या हिश्श्याची होती, त्यामुळे तिथे ‘आमच्याच आधीच्या चिवड्यापेक्षा’ असे लिहिता आले असते. ताईंनी तेही लिहिले नाही. ‘मीठ कमी’ वाचून लोक चव न घेताच फिक्का म्हणतात, हा त्यांचा दुकानदारीचा अनुभव होता. मला तो पटला.

निष्पत्ती

चिवड्याचा खप कमी झाला नाही. पापडाबाबत घरगुती ग्राहकांच्या मोजक्या तक्रारी आल्या, मात्र दोन खानावळींनी माल बंद केला. तिथे पापड तिखट रश्श्याबरोबर खाल्ला जातो आणि जोडीला चव तशीच ठसठशीत लागते. मसाल्याची वाढलेली किंमत इतवारीतील व्यापाऱ्याला मान्य झाली नाही आणि त्याने घेणे थांबवले. घरगुती ग्राहकांनी मसाला सोडला नाही, कदाचित मीठ नसल्यामुळे तो आता भाजीत अधिक उतरतो म्हणून. बिनमिठाच्या उपमा-पिठावर सर्वाधिक नाराजी आली, तीही वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांकडून, ज्यांच्या खोलीत मिठाचा डबाच नसतो. त्यांच्यासाठी पाकिटात मिठाची वेगळी पुडी घालण्याचा विचार पुढे आला. पुडी आली की सगळे ती पूर्ण ओततात, म्हणून तो बाजूला ठेवला आहे.

शिक्षिकाबाईंचा रक्तदाब पुढे आटोक्यात आला. परंतु त्याच काळात त्यांची एक गोळी बदलली होती आणि त्यांनी सकाळचे चालणेही सुरू केले होते, त्यामुळे याचे श्रेय पापडाला देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांनी लोणचे अर्ध्या चमच्यावर आणले आहे आणि उपम्यात मीठ स्वतःच्या हाताने घालतात, एवढे निश्चित सांगता येते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, तोलकाटा प्रयोगशाळेच्या आधी यायला हवा होता. केवळ वाटीऐवजी वजन वापरल्याने जड घाण्यांतील जादा मीठ आपोआप गेले असते, आणि कोणत्या पाककृतीला हात लावायचा ते प्रयोगशाळेचे शुल्क भरण्यापूर्वीच बरेचसे कळले असते. मीठ आणि खार यांच्या वजनावरून सोडियमचा अंदाज कागदावर काढता येतो. प्रयोगशाळेचे काम त्यावर शिक्का मारण्याचे.

दुसरी, मावशींना आणि लाटणाऱ्या बायकांना चाचणीच्या टप्प्यावर बोलावले गेले. त्यांना पर्याय ठरवतानाच बसवले असते तर खाराचा आणि मजुरीचा प्रश्न आधी कळला असता आणि पहिल्या घाण्यातील चिरलेले पापड वाया गेले नसते.

तिसरी गोष्ट काळाची आहे. बदल मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वर्षभराचे पापड होतात त्याच हंगामात सुरू झाला. पहिल्या टप्प्याचा माल ग्राहकांच्या जिभेवर रुळायच्या आत दुसऱ्या टप्प्याचा माल वाळून तयार होता. पावसाळ्यात, घरातील यंत्रावर वाळवलेल्या थोड्या मालावर पहिला टप्पा घेतला असता तर खानावळींना कदाचित फरक इतका जाणवला नसता.

खानावळी गेल्या त्याबद्दल दोन मते आहेत. ताईंच्या मते त्यांच्यासाठी जुन्या मापाचा पापड वेगळ्या पाकिटात चालू ठेवायला हवा होता, कारण तो खाणारा बहुधा तरुण, कष्टाचे काम करणारा असतो. माझ्या मते एका छपराखाली दोन मापे ठेवली की वर्षभरात वाटी परत येते. यावर आमचे एकमत झालेले नाही.

सांडगी मिरची अजून यादीत आलेली नाही. भिवापुरी मिरची चिरून मीठ घातलेल्या ताकात भिजवायची आणि कडक उन्हात वाळवायची, यात मीठ चवीचेही काम करते आणि वाळेपर्यंत मिरची नासू न देण्याचेही. ती दोन्ही कामे वेगळी कशी करायची, याची चाचणी येत्या उन्हाळ्यात, मिरचीचा पहिला माल आल्यावर घेतली जाईल. या वेळी ताकातील मीठ मावशी स्वतः तोलणार आहेत.